नांदरखेड्याची जाड ओळ

टंचाई शाखेत नोकरी केली म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई पाणी वाटत असणार. पाण्याशी माझा संबंध टेबलावरच्या बाटलीपुरता होता. मी रंग वाटत होते. लाल, पिवळा आणि हिरवा.

मी मुळात कमी बोलणारी. आमचे हे म्हणतात, तुझ्यापेक्षा आपला फ्रिज जास्त बोलतो. त्यामुळं या अंकाच्या संपादकबाईंनी लेख मागितला तेव्हा नाहीच म्हणणार होते. पण गेल्या उन्हाळ्यात एका गावी जाऊन आले, आणि तिथं जे सांगायला गेले होते त्यातलं अर्धंच सगळ्यांसमोर सांगून परतले. उरलेलं पोटात घेऊन बसण्यापेक्षा इथं लिहिलेलं बरं.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. दुष्काळ एकामागून एक पडत होते आणि शहर मात्र गाजरगवतासारखं वाढत होतं. त्याला पाण्याची गरजच नसल्यासारखं. एका सरकारी कार्यालयात मी कंत्राटी ऑपरेटर होते. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला औरंगपुऱ्यात, साड्यांच्या दुकानावरच्या माडीवर. अकरा महिन्यांचा करार, आणि तो संपला की पुढं साहेबांची मर्जी.

शाखेत आम्ही तिघं. साहेब, मी, आणि अव्वल कारकून काझीभाई. काझीभाई सिल्लोडहून रोज एसटीनं यायचे आणि मोसमात सगळ्या शाखेला पुरतील एवढी मक्याची कणसं आणायचे. त्यांचं मराठी फक्त कागदावर चालायचं. बोलणं सगळं दखनीत.

रोज सकाळी तालुक्यांकडून माहिती यायची. कुठल्या गावात किती लोक, विहिरीला पाणी आहे की नाही, टँकरच्या किती खेपा हव्यात. मी नवी शीट उघडून ती भरायची आणि साहेब एकेक आकडा चष्मा वरखाली करून वाचायचे. एकदा मी आपल्या सोयीसाठी ओळींना रंग दिले. पाणी नाही, टँकर पाठवायचा, ते गाव लाल. शेजारच्या विहिरीवर सध्या भागतंय, ते पिवळं. पाणी आहे, ते हिरवं. त्या दिवसापासून साहेबांनी आकडे वाचणं सोडलं ते सोडलंच.

"मॅडम, मला आकडे सांगत बसू नका," ते म्हणायचे. "रंग दाखवा. सिग्नलला थांबल्यावर माणूस आकडे वाचतो का?"

काझीभाई खालच्या आवाजात म्हणायचे, "अपने शहर में सिग्नल भी कौन देखता, साहेब."

अडचण एकच होती. प्रिंटर काळा-पांढरा. वरच्या ऑफिसला छापील यादी जायची तेव्हा लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच राखाडी दिसायचे. एकदा वरून फोन आला, तुमच्या जिल्ह्यात राखाडी म्हणजे काय? साहेबांनी रिसीव्हरवर हात ठेवून आमच्याकडं बघितलं. काझीभाई म्हणाले, "बोलो, विचाराधीन."

"विचाराधीन," साहेब फोनमध्ये म्हणाले. वरच्या ऑफिसचं समाधान झालं. पुढची दोन वर्षं आमचा अख्खा जिल्हा विचाराधीन होता.

आता या कामाची खुबी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. शीटमधल्या प्रत्येक चौकटीला अंग असतं आणि कपडे असतात. अंग म्हणजे आत लिहिलेलं, गावाचं नाव, आकडा. कपडे म्हणजे रंग, अक्षराची जाडी, भोवतीची रेघ. एखादी चौकट कॉपी करून साधी चिकटवली तर अंगासकट सगळं जातं. पण अशीही सोय असते की नुसते कपडे उचलायचे आणि दुसऱ्याच्या अंगावर घालायचे. आतल्या अक्षराला धक्का लागत नाही. तर रोज सकाळी मी कालच्या शीटवरचे कपडे उतरवून आजच्या शीटवर चढवायची आणि ज्या गावाची परिस्थिती बदलली असेल तेवढ्याचाच रंग हातानं बदलायची.

रोज रोज तेच करून कंटाळले आणि मॅक्रो करायला शिकले. मॅक्रो म्हणजे आपल्या हाताची सवय मशीनला लावणं. मशीनला सांगायचं, बघ गं, मी काय करते ते. मग एकदा सगळं करून दाखवायचं. पुढं दोन बटणं दाबली की मशीन तेच करतं. तेच, तेवढंच आणि त्याच जागी. दूधवाल्याला आपण सांगून ठेवतो, गल्लीतल्या तिसऱ्या दाराशी पिशवी ठेव. उद्या गल्लीच्या तोंडाशी नवं घर उभं राहिलं तरी तो तिसऱ्याच दाराशी ठेवणार. दारामागं कोण राहतं हे त्याला माहीत नाही. मॅक्रोचं तसंच. ही दूधवाल्याची उपमा मला आज सुचतेय. तेव्हा सुचली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

मॅक्रोचं नाव मी 'रंगपंचमी' ठेवलं. साहेबांना ते इतकं आवडलं की कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी ते म्हणायचे, "मॅडम, जरा रंगपंचमी करा." मी बटणं दाबायची. पांढऱ्या शीटवर सरसर रंग उतरायचे. पाहुणे म्हणायचे, "परत करा." एकदा एका मोठ्या अधिकाऱ्यांसमोर साहेब म्हणाले, "ह्या आमच्या एक्स्पर्ट." मला तोपर्यंत कुणी कशातही एक्स्पर्ट म्हटलं नव्हतं. घरी जाऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग पोळ्या गोल कर."

त्या उन्हाळ्यात हर्सूलच्या पलीकडं अमृतनगर नावाची वसाहत उभी राहिली. आदल्या वर्षी तिथं ज्वारी होती. घरं झाली, गच्च्यांवर टाक्या बसल्या, गृहप्रवेशाची जेवणं झाली आणि मग लोकांच्या लक्षात आलं की नळाला जोडायला पाइपच नाही. त्यांचं शिष्टमंडळ आलं. साहेब म्हणाले, "मॅडम, घ्या यादीत."

आमची यादी अकारविल्हे. अमृतनगर बसलं सगळ्यात वर आणि बाकीची सगळी गावं एकेक घर खाली सरकली. मी सवयीनं रंगपंचमी केली. रंग कालच्याच जागी उतरले. म्हणजे प्रत्येक गावानं आपल्या शेजाऱ्याचे कपडे घातले.

आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही. येणार कसं? दुष्काळात शेजारीपाजारी सगळे लालच. लालाचे कपडे लालानं घातले तर फरक काय दिसणार? यादीतलं शेवटचं गाव मात्र पांढरं राहिलं. त्याच्यापर्यंत कपडे पोचलेच नाहीत. तिथं माझं डोकं चालायला हवं होतं.

"रंग कम पड्या होंगा, मॅडम," काझीभाई म्हणाले आणि त्यांनी आपल्या हातानं ते गाव लाल केलं. मी हसले आणि यादी टँकरवाल्यांकडं गेली.

दुपारी फोन आला. "टँकरचं हापिस का? नांदरखेड्याची सरपंच बोलते, कौसाबाई. आज आमचं टँकर आलं नाय."

मी शीट बघितली. "ताई, तुमचं गाव हिरवं आहे."

"हिरवं? बाई, आमच्या गावात बाभळसुदिक हिरवी नाय."

"हिरवं म्हणजे तुमच्याकडं पाणी आहे असं दिसतंय."

"कुठं दिसतंय?"

"इथं. कॉम्प्युटरवर."

"मग तिथनंच धाडून द्या की," असं म्हणून तिनं फोन आपटला.

हा विनोद मी त्या दिवशी काझीभाईंना सांगितला आणि आम्ही दोघं हसलो. तिकडं एका गावानं चूल पेटवायच्या आधी पाण्याचा विचार केला असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. समोर ओळ हिरवी होती. इतक्या ठामपणे हिरवी, की जितंजागतं माणूस फोनवर सांगत असताना मी त्या रंगावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई स्वतः आली. पन्नाशीची, काटक, बरोबर चार बाया आणि काखेत रिकामा हंडा. तिनं तो हंडा माझ्या कीबोर्डवर ठेवला. स्क्रीनवर नांदरखेड्याच्या नावापुढं आपोआप सातचे आकडे उमटत गेले.

साहेब बाहेर आले. त्यांनी स्क्रीन तिच्याकडं फिरवला. "हे बघा बाई. हिरवं आहे की नाही?"

"हाय की," कौसाबाई म्हणाली. "लई गार दिसतंय. घ्या ह्यात हंडाभर काढून."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. साहेब काही बोलणार तेवढ्यात रशीदभाई आले. रशीदभाई टँकर चालवायचे आणि खेपांवर सही घ्यायला यायचे. त्यांनी कागद पुढं केला आणि मान खाजवत म्हणाले, "साहेब, एक बात पूछना था. कल पाझरवाडी को काहे भेजे?"

पाझरवाडी तलावाकाठी. तिथल्या विहिरीला इतकं पाणी की आजूबाजूचे सगळे टँकर तिथंच भरायचे. यादीतलं एकुलतं एक हिरवं गाव ते.

"भेजे म्हणजे?"

"लिस्ट में लाल था, साहेब. तो पाझरवाडी में टँकर भऱ्या, नाके तक जाके गोल घुमाया, वापस पाझरवाडी आया, और उसीच विहीर में डाल दिया. दो खेप."

"आणि गावातले लोक?"

"लोकां काठ पे खडे रहके देखते. एक बुढ्ढा बोल्या, सरकारकू हमारी विहीर बहोत पसंद आई."

साहेबांनी स्क्रीनकडं बघितलं. पाझरवाडी लाल होती. "लाल आहे खरं," ते म्हणाले. "मग बरोबरच आहे."

"पर साहेब, विहीर भरेली है."

"पण लाल आहे ना?"

हे ऐकता ऐकता मी यादीवरून बोट फिरवलं. नांदरखेडा आणि पाझरवाडी यादीत शेजारी. पाझरवाडीचं हिरवं लुगडं नांदरखेड्याच्या अंगावर होतं. का, ते एका क्षणात कळलं. अमृतनगर, पांढरं राहिलेलं शेवटचं गाव, सगळं.

तेव्हा 'साहेब, माझी चूक आहे' एवढे चार शब्द बोलायचे होते. करार संपायला आला होता. मोठे अधिकारी परवाच 'परत करा' म्हणून गेले होते. मी म्हणाले, "तालुक्याकडून चुकीचं आलं असेल, साहेब."

आमच्याकडं चूक पाण्यासारखी उताराला लागते. साहेब लगेच म्हणाले, "म्हणजे गावानंच तालुक्याला चुकीचं कळवलं."

"आम्ही?" कौसाबाई म्हणाली. "विहीर कोरडी हाय हे चुकीचं कसं कळवतेत ते तरी सांगा."

"आता देतोय ना टँकर? मग विषय संपला," साहेब म्हणाले. "पण एक सांगतो बाई. आरडाओरडा करणारी गावं माझ्या चांगली लक्षात राहतात."

कौसाबाईनं हंडा उचलला. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. 'तू तरी बोल' असं काहीतरी. मी सातचे आकडे पुसत होते.

त्या दुपारी मी सगळे रंग हातानं जागेवर लावले आणि पुढच्या काही दिवसांत मॅक्रोला जागेऐवजी गावाच्या नावानं रंग लावायला शिकवलं. आकड्यावरून रंग आपोआप बदलण्याची सोय शीटमध्ये तेव्हाही होती. एक्स्पर्टला ती माहीत नव्हती.

टँकर सुरू झाला, पण एकच खेप. एवढ्या गावाला ती पुरत नव्हती. रशीदभाई सांगायचे, विहिरीत ओतलं की बाया दोर घेऊन तुटून पडतात. मागं राहिलेल्यांच्या बादलीत चिखल येतो. कौसाबाई दुसरी खेप मागायची. फोन करायची, अर्ज पाठवायची, दर सोमवारी येऊन बाकावर बसायची. साहेबांचं उत्तर ठरलेलं: "नांदरखेडा? ते ओरडणारं गाव. असू द्या." हे नाव गावाला कुणामुळं पडलं ते मला माहीत होतं. दर सोमवारी मी स्क्रीनच्या आड बसायची.

तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. मग मी मला येत होतं तेच केलं. एका सकाळी नांदरखेड्याचा लाल जरा गडद केला. साहेबांची नजर त्यावरून घसरून गेली. दुसऱ्या दिवशी अक्षरं जाड केली. नजर अडखळली, पण पुढं गेली. तिसऱ्या दिवशी ओळीभोवती जाड काळी चौकट काढली, श्रद्धांजलीच्या जाहिरातीला असते तशी.

साहेब थांबले. "हे काय झालं ह्या गावाला?"

"गंभीर दिसतंय, साहेब."

"अरे बाप रे. मग द्या दुसरी खेप. असं काही असलं की आधी सांगत जा, मॅडम."

आकडा तोच होता. पहिल्या दिवसापासून तोच. कपडे तेवढे बदलले होते.

सोमवारी कौसाबाई आली ती पेढे घेऊन. साहेबांसमोर खोका ठेवून म्हणाली, "बगा, शेवटी द्यावी लागली का नाय?" मलाही एक पेढा दिला. तो गिळायला मला बाटलीभर पाणी लागलं.

त्यानंतर रंगपंचमी रोज ती जाडी इमानेइतबारे पुढं नेत राहिली. पावसाळा लागून टँकर बंद झाले तरी नांदरखेड्याची ओळ जाडच होती. एक दिवस काझीभाई कणीस सोलता सोलता म्हणाले, "मॅडम, नांदरखेडा दिन-ब-दिन मोटा होरा."

मी मान खाली घातली.

"हम कुछ बोले क्या?" ते म्हणाले. "वो आखरी गाँव हमने रंगाया था. आधा गुनाह हमारा भी है. लो, भुट्टा खाओ."

काझीभाई आता नाहीत. साहेब निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडं असतात. माझं कंत्राट पुढं बरीच वर्षं वाढत गेलं. एक्स्पर्टच ना. आम्ही फ्लॅट घेतला तो नेमका अमृतनगरमध्ये. पाइप आलाय, पण उन्हाळ्यात पाणी टँकरचंच. गेल्या मे महिन्यात आमचा टँकर आला नाही म्हणून मी फोन केला, तर एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "मॅम, तुमच्याकडं डिलिव्हर झालेलं दाखवतंय."

"कुठं दाखवतंय?" मी विचारलं, आणि फोन हातात धरूनच खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी एसटी पकडून नांदरखेड्याला गेले.

कौसाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. थकली होती, पण नजर तीच. मी ओळख दिली. ती म्हणाली, "कॉम्प्युटरवाली? जी बोलत नव्हती ती?"

मग मी बोलले. इतकी सलग मी आयुष्यात बोलले नसेन. दुसऱ्याचे कपडे, अमृतनगर, तालुक्यावर ढकललेली चूक, ओरडणारं गाव, सगळं सांगितलं. ती ऐकत होती, शेंगा फुटत होत्या. मग दुसऱ्या खेपेपर्यंत आले, गडद लाल, जाड अक्षरं, काळी चौकट, आणि शेंगांचा आवाज थांबला.

"म्हंजी," कौसाबाई हळू म्हणाली, "ती दुसरी खेप मी भांडून आणली नव्हती?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलंच नव्हतं. मी शिव्यांची तयारी करून गेले होते.

"त्या खेपेवर दुसऱ्यांदा निवडून आले मी," ती म्हणाली. "समद्या गावाला म्हाईत हाय. कौसाबाईनं सायबाला वाकवलं. नातवंडं शाळेत सांगतेत. आन् तू म्हंतीस, तू रेघ वढली म्हून आली."

माझ्या मनावरचं ओझं उतरवायला गेले होते आणि ते तिच्या अंगणात ठेवत होते. पण त्या क्षणी मला एक खरं दिसलं, इतकी वर्षं समोर असून न दिसलेलं.

"ताई," मी म्हणाले, "तुम्ही कीबोर्डवर हंडा ठेवला नसता, दर सोमवारी बाकावर येऊन बसला नसता, तर मी ती रेघ ओढली नसती. साहेब वाकले नाहीत हे खरं. मी वाकले."

कौसाबाईनं एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले.

"मंग असं नीट सांग की. मघापासनं काय कपडे न् चौकटी लावलंस." ती आत वळून ओरडली, "सुनबाई, पाणी आण आन् हितं येऊन बस. ह्या बाई त्या हापिसातल्या. तवा काय झालतं ते सांगतेत." आणि मग मला, हळूच: "हिच्यापुढं रंगाचं गाळून सांग."

सून तांब्या-पेला घेऊन येऊन बसली. मागून दोन नातवंडंही आली. मी पाणी प्यायले आणि सांगितलं. हंडा सांगितला, सोमवार सांगितले, कौसाबाई काय म्हणाली आणि साहेबांचं तोंड कसं झालं ते सांगितलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. कौसाबाई मधे मधे मान डोलवत होती आणि मी कुठं कमी सांगतेय वाटलं की भर घालत होती.

रंगाचं तेवढं गाळलं. ते इथं लिहिलं आहे. नांदरखेड्यात हा अंक जात नाही, याची चौकशी मी आधी करून घेतली.